एकापेक्षा जास्त विंडो : कोण कुणावर चढतंय आणि का?

काचमहाल

नमस्कार मंडळी. सी प्लस प्लस, चित्र काढायला ओपनजीएल ३.३ कोअर, विंडो उघडायला जीएलएफडब्ल्यू ही लायब्ररी. इमारतीचं मॉडेल दाखवणारा प्रोग्रॅम आहे. विंडो तीन : मुख्य विंडोत पर्स्पेक्टिव्ह कॅमेरा, दुसरीत वरून दिसणारा आराखडा (ऑर्थोग्राफिक, म्हणजे वस्तू लांब गेली तरी लहान दिसत नाही), तिसरी म्हणजे अवजारांची छोटी पट्टी. सगळं एकाच थ्रेडवर. दुसरी आणि तिसरी विंडो तयार करताना शेवटच्या पॅरामीटरला पहिली विंडो दिली आहे, त्यामुळे टेक्श्चर, बफर, शेडर शेअर होतात.

अडचणी अशा :

मुख्य विंडोत काचा बरोबर दिसतात. आराखड्यात मात्र खालच्या मजल्याची काच वरच्या काचेवर चढते. गंमत म्हणजे मुख्य विंडोतला कॅमेरा फिरवला की आराखड्यातली काचांची उतरंड बदलते!

आराखड्यात अधूनमधून सगळ्याच काचा ठार अपारदर्शक होतात. विंडो बंद करून उघडली की कधी सुधारतं, कधी नाही.

मुख्य विंडो एकटी असताना सेकंदाला ६० फ्रेम मिळतात, आराखडा उघडला की ३०.

मुख्य विंडोवर क्लिक केलं की अवजारांची पट्टी तिच्यामागे दडते.

स्वॅपचा (काढलेलं चित्र विंडोत दाखवण्याचा) क्रम उलटा करून पाहिला (आधी आराखडा, मग मुख्य). काही फरक नाही. नेमकं कुठून सुरुवात करावी?

पिक्सेलराव

स्वॅपचा क्रम बदलून यातलं काहीच सुटणार नाही. कोणती विंडो आधी स्वॅप झाली याचा कोणती विंडो वर दिसते याच्याशी संबंध नसतो. स्वॅप फक्त त्या विंडोचं चित्र नवं करतो. विंडोंची चळत ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कंपोझिटर (सगळ्या विंडो एकत्र करून पडदा रंगवणारा प्रोग्रॅम) ठरवतो, आणि एका विंडोच्या आतली उतरंड डेप्थ टेस्ट (कोणता पिक्सेल जवळचा हे तपासणं), ब्लेंडिंग (पारदर्शक रंग मिसळणं) आणि तुमच्या ड्रॉ कॉलचा क्रम मिळून ठरवतात. तुमची चौथी अडचण पहिल्या जातीची आहे, पहिल्या दोन दुसऱ्या जातीच्या. तिसरी या दोन्हींत बसत नाही, ती निव्वळ वाट पाहण्याची आहे.

कोडला हात लावण्याआधी एवढं करा. प्रत्येक विंडोचा क्लिअर रंग वेगळा ठेवा : लाल, हिरवा, निळा. एका विंडोचा रंग दुसरीत दिसला तर कॉन्टेक्स्ट (ओपनजीएलची सगळी अवस्था धरून ठेवणारी गोष्ट) चुकीचा चालू आहे. रंग बरोबर पण वस्तू गायब असतील तर डेप्थ टेस्ट तात्पुरती बंद करा. वस्तू उगवल्या तर बहुधा डेप्थ क्लिअर होत नाहीये. याचं नेहमीचं कारण म्हणजे आदल्या फ्रेमच्या शेवटी काचांसाठी डेप्थमास्क (डेप्थ बफरमध्ये लिहिण्याची परवानगी) फॉल्स केलेला असतो आणि तो परत ट्रू करायचा राहतो. डेप्थमास्क फॉल्स असताना जीएल-क्लिअर डेप्थ बफरला हातच लावत नाही, आणि एररही देत नाही. सिझर टेस्टचंही तेच : चालू राहिली तर क्लिअर तेवढ्याच चौकटीपुरता होतो.

उलटा_त्रिकोण

पहिल्या अडचणीचं उत्तर प्रश्नातच आहे. मुख्य कॅमेरा फिरवल्यावर आराखड्यातली उतरंड बदलते, याचा अर्थ काचांची यादी एकदाच, मुख्य कॅमेऱ्याच्या अंतरानुसार सॉर्ट होते आणि तीच यादी दोन्हीकडे वापरली जाते. पारदर्शक वस्तूंचा क्रम सीनचा नसतो, कॅमेऱ्याचा असतो. जितके कॅमेरे, तितक्या सॉर्ट केलेल्या याद्या. वस्तू हलवायच्या नाहीत, प्रत्येक विंडोसाठी फक्त इंडेक्सचा ॲरे ठेवायचा आणि तो सॉर्ट करायचा. हजार-दोन हजार काचांना हा खर्च नगण्य आहे.

आता अंतर कसं मोजता ते सांगा. कॅमेऱ्याच्या जागेपासून वस्तूच्या मध्यापर्यंतचं सरळ अंतर घेत असाल तर ऑर्थोग्राफिक आराखड्यात वेगळी यादी करूनही घोळ राहील.

काचमहाल

हो, सरळ अंतरच घेतोय. पर्स्पेक्टिव्हमध्ये चालतं म्हणून तसंच ठेवलं होतं. ऑर्थोमध्ये काय बिघडतं?

उलटा_त्रिकोण

आकड्यांनी बघा. आराखड्याचा कॅमेरा ५० मीटर उंचीवर, सरळ खाली पाहणारा. काच क बरोबर खाली, ३ मीटर उंचीवर. तिचं सरळ अंतर ४७. काच ख म्हणजे ६ मीटर उंचीवरची छताची लांब पट्टी, ६४ मीटर लांब, मध्य ३० मीटर बाजूला. तिचं एक टोक क च्या वर येतं. ख च्या मध्याचं सरळ अंतर ४४ चा वर्ग अधिक ३० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ५३.३. सरळ अंतराने ख लांब ठरते, आधी काढली जाते, आणि मग तिच्याखालची क तिच्यावर रंगवली जाते. प्रत्यक्षात पाहण्याच्या दिशेत ख ४४ वर आहे आणि क ४७ वर.

म्हणून सरळ अंतर नको, व्ह्यू-स्पेसमधला (कॅमेऱ्याच्या पाहण्याच्या दिशेत मोजलेला) झेड घ्या. जीएलएम या गणिताच्या लायब्ररीत मॅट्रिक्स कॉलम-मेजर असतं, तेव्हा

झेड = व्ही[०][२]·एक्स + व्ही[१][२]·वाय + व्ही[२][२]·झेड + व्ही[३][२]

ओपनजीएलच्या रिवाजानुसार कॅमेरा उणे झेडकडे पाहतो, त्यामुळे सर्वांत लहान (सर्वांत उणे) आकडा सर्वांत लांबचा. चढत्या क्रमाने सॉर्ट केलं की लांबून जवळ असा क्रम मिळतो. अपारदर्शक वस्तूंना उलटा क्रम द्या, जवळून लांब. त्याने चित्र बदलत नाही, पण झाकल्या जाणाऱ्या पिक्सेलचं शेडिंग वाचतं.

दोन काचांचा झेड तंतोतंत सारखा असेल तर तुलनेत दुसरी कसोटी म्हणून वस्तूचा आयडी ठेवा. नाहीतर अनस्टेबल सॉर्टमध्ये, यादीत एखादी वस्तू आली-गेली की त्या दोघी जागा बदलतात आणि लुकलुकतात. सरळ खाली पाहणाऱ्या आराखड्यात तर एका मजल्यावरच्या सगळ्या आडव्या काचांचा झेड एकच असतो, तिथे हे हमखास होतं. आणि तुलना 'पेक्षा लहान' अशीच हवी. 'लहान किंवा बरोबर' दिलंत तर स्टँडर्ड सॉर्टचा करार मोडतो आणि प्रोग्रॅम कधीतरी ॲरेच्या बाहेर जाऊन कोसळतो.

निरुत्तर_पॉइंटर

दुसऱ्या अडचणीबद्दल. तुमच्याकडे स्टेट कॅश आहे का? म्हणजे 'ब्लेंड आधीच चालू आहे, पुन्हा कॉल नको' असं लक्षात ठेवणारा क्लास? आणि तो सगळ्या प्रोग्रॅममध्ये एकच आहे का?

काचमहाल

आहे, आणि सिंगलटन आहे. ब्लेंड, डेप्थमास्क, चालू शेडर प्रोग्रॅम, चालू व्हीएओ (मेशचा डेटा बफरमधून कसा वाचायचा याची नोंद), सगळं त्यातूनच जातं.

निरुत्तर_पॉइंटर

मग सापडलं. ब्लेंड चालू-बंद, डेप्थमास्क, व्ह्यूपोर्ट, सिझर, कोणता प्रोग्रॅम वापरात आहे, ही सगळी अवस्था कॉन्टेक्स्टची. जीएलएफडब्ल्यूमध्ये विंडोगणिक कॉन्टेक्स्ट वेगळा. मुख्य विंडोत ब्लेंड चालू केलात, कॅशने नोंद केली. कॉन्टेक्स्ट बदलून आराखड्यात आलात, कॅश म्हणते 'चालूच आहे', कॉल जात नाही. प्रत्यक्षात आराखड्याच्या कॉन्टेक्स्टमध्ये ब्लेंड मुळातच बंद. काचा ठार अपारदर्शक. कोणत्या विंडोने शेवटी काय काढलं यावर सगळं अवलंबून, म्हणून 'अधूनमधून'.

कॅश कॉन्टेक्स्टला बांधा : प्रत्येक विंडोच्या स्ट्रक्चरमध्ये स्वतंत्र कॅश, आणि मेककॉन्टेक्स्टकरंट एकाच फंक्शनमधून, जे कॅशचा पॉइंटरही बदलेल. बाहेर कुठेही थेट कॉल नको. हे जमेपर्यंत कॉन्टेक्स्ट बदलताना कॅश पूर्ण अवैध केली तरी चालेल. हळू होईल पण बरोबर चालेल.

याचा उलटा प्रकारही आहे आणि तो जास्त फसवा. युनिफॉर्मच्या (शेडरला बाहेरून दिलेल्या) किमती कॉन्टेक्स्टच्या नसतात, प्रोग्रॅम ऑब्जेक्टच्या असतात, आणि प्रोग्रॅम शेअर होतो. 'कॅमेरा हलला तरच व्ह्यू मॅट्रिक्स पाठवा' अशी बचत केली असेल, तर आराखड्याने लिहिलेलं मॅट्रिक्स मुख्य विंडोच्या पुढच्या फ्रेमला तसंच मिळतं. तेव्हा कॅमेऱ्याचं मॅट्रिक्स प्रत्येक विंडोच्या पासमध्ये बिनशर्त पाठवा, किंवा विंडोगणिक एक युनिफॉर्म बफर करा आणि फक्त बाइंडिंग बदला. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण कुणाचा कॅमेरा चालू आहे हे डीबगरमध्ये एका नजरेत दिसतं.

वेलांटी

निरुत्तर_पॉइंटर यांच्याशी सहमत. भर घालते : व्हीएओ आणि एफबीओ (पडद्याऐवजी ज्यात चित्र काढायचं तो फ्रेमबफर) शेअर होत नाहीत. क्वेरी ऑब्जेक्टही नाहीत. शेअर होतात ते बफर, टेक्श्चर, रेंडरबफर, शेडर, प्रोग्रॅम, सॅम्पलर आणि सिंक ऑब्जेक्ट.

यात आकड्यांचा सापळा आहे. मुख्य कॉन्टेक्स्टमध्ये तयार केलेल्या व्हीएओचा नंबर समजा ७. आराखड्याच्या कॉन्टेक्स्टमध्ये ७ नंबर अस्तित्वातच नसेल तर बाइंड करताना इनव्हॅलिड ऑपरेशन मिळतं, म्हणजे निदान कळतं. पण दोन्ही कॉन्टेक्स्टमध्ये ड्रायव्हर साधारणपणे १ पासूनच नंबर देत जातो. आराखड्यानेही सातआठ व्हीएओ केले असतील तर तिथेही ७ आहे, फक्त तो दुसऱ्याच मेशचा! एरर शून्य, आणि दाराच्या जागी जिना. उपाय : मेशमध्ये व्हीएओचा एकच नंबर न ठेवता विंडोगणिक नंबरांचा छोटा ॲरे, आणि त्या कॉन्टेक्स्टमध्ये पहिल्यांदा लागेल तेव्हा तयार करायचा. व्हर्टेक्स बफर एकच राहतो, त्यामुळे मेमरी वाढत नाही.

एसडीएल (जीएलएफडब्ल्यूसारखीच लायब्ररी) वापरणाऱ्यांना एक पळवाट आहे. तिथे विंडो आणि कॉन्टेक्स्ट वेगळे असतात, एकच कॉन्टेक्स्ट आळीपाळीने दोन विंडोंना जोडता येतो (पिक्सेल फॉरमॅट जुळायला हवा). मग व्हीएओ, एफबीओ, स्टेट कॅश हे सगळे प्रश्नच मिटतात. पण व्ह्यूपोर्ट मात्र दर वेळी सेट करावा लागतो. तो आपोआप विंडोच्या मापाचा होतो तो फक्त कॉन्टेक्स्ट पहिल्यांदा एखाद्या विंडोला जोडला जातो तेव्हा. नंतर छोट्या विंडोत मोठ्या विंडोचा व्ह्यूपोर्ट राहतो आणि चित्राचा एक कोपराच दिसतो. शिवाय माप विंडोसाइजचं नको, फ्रेमबफरसाइजचं. हायडीपीआय पडद्यावर हे दोन आकडे वेगळे असू शकतात.

डेप्थभट

मुख्य विंडोत लांबच्या भिंतीवरच्या पाट्या, खिडक्यांच्या चौकटी लुकलुकत असतील तर तो ड्रॉ क्रमाचा दोष समजू नका. डेप्थ टेस्ट लेस असेल तर बरोबरीच्या पिक्सेलवर आधी काढलेलं टिकतं, लेस-इक्वल असेल तर नंतरचं. त्यामुळे क्रम बदलला की चित्र बदलतं आणि माणूस क्रमाच्याच मागे लागतो. मूळ कारण अचूकतेचं असतं.

पर्स्पेक्टिव्हमध्ये एखाद्या अंतरावर ओळखता येणारा किमान फरक ढोबळमानाने असा : अंतराचा वर्ग ÷ (निअर × २ चा बिटघात). निअर (दिसण्याची जवळची हद्द) ०.१ मीटर, २४ बिट (म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या), अंतर १०० मीटर : सुमारे ६ मिलिमीटर. १,००० मीटरवर ६० सेंटिमीटर. आता डेप्थ बफर १६ बिटचा मिळाला तर १०० मीटरवरच दीड मीटर! निअर ०.१ वरून १ केला की हे सगळे आकडे दहापट सुधारतात. लांबची हद्द (फार प्लेन) अलीकडे आणून मात्र जवळजवळ काहीच मिळत नाही.

विंडोगणिक हे वेगळं असू शकतं, म्हणून गृहीत धरू नका. जीएलएफडब्ल्यू मुळात २४ बिट मागतं, एसडीएल २ मध्ये न सांगितल्यास १६. कोअर प्रोफाइलमध्ये जुना डेप्थ-बिट्सचा गेट चालत नाही. डीफॉल्ट फ्रेमबफर बाइंड करून फ्रेमबफर-अटॅचमेंट-पॅरामीटरमधून डेप्थ-साइज विचारा, प्रत्येक विंडोत एकदा, आणि लॉगमध्ये छापा.

ऑर्थो आराखड्यात डेप्थ सरळ रेषेत वाटली जाते, तिथे ही भानगड जवळपास नाही. त्यामुळे 'आराखड्यात ठीक, मुख्य विंडोत लुकलुक' असं दिसलं की आधी निअर तपासा.

काचमहाल

सगळ्यांचे आभार. केलेले बदल : विंडोगणिक इंडेक्स ॲरे, व्ह्यू-स्पेस झेड, आयडीची दुसरी कसोटी, विंडोगणिक कॅश. दुसरी अडचण पूर्ण गेली. पहिली नव्वद टक्के गेली. उरलं ते असं : एक तिरकी काच आणि एक उभी काच एकमेकींना छेदतात, तिथे मुख्य विंडोत कोणत्याही क्रमाने अर्धा भाग चुकतोच.

डेप्थ बिट्स दोन्हीकडे २४ आले.

उलटा_त्रिकोण

छेदणाऱ्या काचांना वस्तूच्या पातळीवर बरोबर क्रमच नसतो. अर्धी क पुढे, अर्धी ख पुढे. तुकडे करणं किंवा क्रमाची गरजच काढून टाकणं, हे दोनच रस्ते.

इमारत स्थिर आहे, तेव्हा बीएसपी ट्री (जागा प्रतलांनी दोन-दोन भागांत विभागत जाणारं झाड) बघा. फुक्स, केडेम आणि नेलर यांनी १९८० मध्ये मांडलेली पद्धत, जुनी असली तरी तुमच्या प्रश्नाला चपखल. झाड बांधतानाच छेदणाऱ्या काचा प्रतलावर कापल्या जातात. मुख्य फायदा अनेक विंडोंचा : झाड एकदाच बांधायचं, कॅमेऱ्याशी त्याचा संबंध नाही. प्रत्येक विंडो आपल्या कॅमेऱ्याने ते वेगळं चालते. नोडच्या प्रतलाच्या ज्या बाजूला कॅमेरा आहे त्याच्या पलीकडची फांदी आधी, मग नोडवरच्या काचा, मग अलीकडची फांदी. ऑर्थो कॅमेऱ्यासाठी मात्र 'कॅमेरा कोणत्या बाजूला' हे जागेवरून ठरवू नका, पाहण्याची दिशा आणि प्रतलाचा नॉर्मल यांच्या डॉट गुणाकाराच्या चिन्हावरून ठरवा. सॉर्टची गरजच उरत नाही.

निरुत्तर_पॉइंटर

किंवा वेटेड ब्लेंडेड ओआयटी (क्रमाविना पारदर्शकता), मॅग्वायर आणि बाव्हॉइल, २०१३. क्रम लागतच नाही. दोन टार्गेट : जमा करण्यासाठी १६ बिट फ्लोट आरजीबीए (ब्लेंड वन, वन) आणि दुसरं एका चॅनेलचं (ब्लेंड झिरो, वन-मायनस-सोर्स-कलर). दोन टार्गेटना दोन वेगळे ब्लेंड फंक्शन लागतात, आणि ते ओपनजीएल ४.० पासून आहे. ३.३ वर एआरबी ड्रॉ-बफर्स-ब्लेंड एक्स्टेन्शन आहे का ते तपासा. एफबीओ विंडोगणिक वेगळा करायचा हे वेलांटी यांनी सांगितलंच आहे.

उलटा_त्रिकोण

चालेल, पण ती अंदाजी पद्धत आहे. गडद काचेमागे फिकी काच असेल तर रंग पटत नाही, आणि वजनाचं फंक्शन झेडवर चालतं म्हणून पर्स्पेक्टिव्ह आणि ऑर्थो विंडोत एकाच काचेचा रंग थोडा वेगळा येऊ शकतो. धूर, धूळ, कणांसाठी उत्तम. इमारतीच्या मोजक्या स्थिर काचांसाठी मी तरी बीएसपीच घेईन.

पिक्सेलराव

तिसऱ्या अडचणीला अजून कुणी हात लावला नाही. एका थ्रेडवर दोन विंडो, दोघींचा स्वॅप इंटर्व्हल १. पहिला स्वॅप पडद्याच्या पुढच्या रिफ्रेशपर्यंत थांबतो, दुसरा त्याच्या पुढच्यापर्यंत. १६.७ अधिक १६.७, म्हणजे ३३.३ मिलिसेकंद, म्हणजे ३०. तिसऱ्या विंडोनेही थांबायचं ठरवलं तर २०.

उपाय सोपा. स्वॅप इंटर्व्हल त्या वेळी चालू असलेल्या कॉन्टेक्स्टला लागतो, विंडोच्या नावाने नाही. म्हणून : मुख्य कॉन्टेक्स्ट चालू करा, इंटर्व्हल १. आराखड्याचा चालू करा, इंटर्व्हल ०. पट्टीचा चालू करा, इंटर्व्हल ०. मग फ्रेममध्ये आधी तिन्ही विंडो काढून घ्या, नंतर शून्यवाल्यांचा स्वॅप, सर्वांत शेवटी एकवालीचा. तिन्ही इंटर्व्हल एकापाठोपाठ पण एकच कॉन्टेक्स्ट चालू असताना सेट केलेत, तर शेवटचा आकडा त्या एकाच कॉन्टेक्स्टला लागतो आणि बाकीचे ड्रायव्हरच्या मर्जीवर. हे फार जणांचं होतं. ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये व्हीसिंक (रिफ्रेशसाठी थांबणं) सक्तीने चालू असेल तर कोडमधला शून्य धाब्यावर बसवला जातो, तेही बघा.

वेलांटी

विंडोगणिक थ्रेड हाही मार्ग आहे. प्रत्येक थ्रेड आपापला स्वॅप करत थांबला तरी दुसऱ्याला अडवत नाही, आणि एक पडदा ६० हर्ट्झ व दुसरा १४४ असेल तर दोन्ही आपल्या गतीने चालतात.

पिक्सेलराव

वेगवेगळ्या गतीचे दोन पडदे असतील तरच. नाहीतर त्या मार्गाने नवी दुखणी येतात. वर सांगितलेल्या युनिफॉर्मच्या किमती दोन थ्रेड एकाच वेळी लिहू लागतात, म्हणजे आराखड्याचं मॅट्रिक्स मुख्य विंडोच्या फ्रेमच्या मधोमध. युनिफॉर्म बफरशिवाय तिकडे जाऊच नये.

आणि एका थ्रेडने टेक्श्चर बदललं की ते दुसऱ्याला आपोआप दिसेल अशी हमी नाही. लिहिणाऱ्याने फेन्स ('इथवरचं काम झालं' अशी खूण) टाकायचा आणि लगेच फ्लश करायचा. वाचणाऱ्याने वेटसिंक करायचं आणि मग टेक्श्चर पुन्हा बाइंड करायचं, आधीपासून बाइंड असलं तरी. फ्लश विसरलात तर फेन्स ड्रायव्हरच्या रांगेतच पडून राहतो आणि दुसरा कॉन्टेक्स्ट त्याची वाट बघत बसतो. विंडो तयार करणं आणि इव्हेंट पोल करणं मात्र मुख्य थ्रेडवरच.

काचमहाल

इंटर्व्हल १, ०, ० केलं. ६० परत आले. थ्रेडच्या वाटेला जात नाही.

आता पट्टी. जीएलएफडब्ल्यूमध्ये फ्लोटिंग हिंट दिला तर पट्टी वर राहते, पण दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमच्यासुद्धा वर बसते.

वेलांटी

फ्लोटिंगचा अर्थच तो. तुम्हाला हवं आहे ते मालकीचं नातं : पट्टी मुख्य विंडोच्या मालकीची, म्हणजे मुख्य विंडोच्या वर, पण इतर प्रोग्रॅमच्या नाही. जीएलएफडब्ल्यूत याला सोय नाही, नेटिव्ह हँडल काढून करावं लागतं.

विंडोजवर : पट्टीच्या हँडलवर सेट-विंडो-लाँग-पॉइंटर, इंडेक्स जीडब्ल्यूएलपी-एचडब्ल्यूएनडीपेरेंट, किंमत मुख्य विंडोचं हँडल. नावात पेरेंट असलं तरी टॉपलेव्हल विंडोवर याने मालक बदलतो. मालकीची विंडो मालकाच्या वरच राहते, आणि मालक मिनिमाइझ झाला की तीही लपते. सेटपेरेंट वापरू नका, त्याने पट्टी चाइल्ड विंडो होऊन मुख्य विंडोच्या आत कापली जाते.

लिनक्सच्या जुन्या विंडो व्यवस्थेवर, म्हणजे एक्स११ वर, ट्रान्झियंट-फॉर हिंट, विंडो पडद्यावर येण्याआधी. म्हणजे व्हिजिबल हिंट फॉल्स ठेवून विंडो करा, हिंट लावा, मग दाखवा. मॅकवर ॲड-चाइल्ड-विंडो, ऑर्डर्ड अबव्ह. लिनक्सच्या नव्या व्यवस्थेवर, म्हणजे वेलँडवर, एक्सडीजी टॉपलेव्हलचं सेट-पेरेंट. तिथे प्रोग्रॅमला आपली टॉपलेव्हल विंडो कुठे ठेवायची हे ठरवता येत नाही, त्यामुळे सेट-विंडो-पोझिशनवर विसंबलेला कोड तिथे निकामी. एसडीएल ३ मध्ये सेट-विंडो-पेरेंट आहे, हा सगळा उपद्व्याप वाचतो.

नवाशिका

धागा वाचतोय. माझं डायरेक्टथ्रीडी ११ (विंडोजचं ग्राफिक्स एपीआय) आहे, दोन स्वॅपचेन (विंडोत दाखवायच्या बफरांचा संच), फ्लिप-डिस्कार्ड. पहिली फ्रेम दोन्ही विंडोत बरोबर, दुसऱ्या फ्रेमपासून एक विंडो गोठते. जुन्या ब्लिट मॉडेलवर हाच कोड चालत होता.

डेप्थभट

फ्लिप मॉडेलमध्ये प्रेझेंट झाला की बॅक बफर पाइपलाइनपासून सुटतो. ओएम-सेट-रेंडर-टार्गेट्स दर फ्रेमला, दर विंडोला पुन्हा द्यावं लागतं. सुरुवातीला एकदा सेट करून सोडून दिलेला कोड ब्लिटवर चालतो, इथे नाही. डेप्थ-स्टेन्सिल व्ह्यू विंडोगणिक वेगळा आहे ना? दोन विंडो वेगळ्या मापाच्या आणि डेप्थ एकच, हेही नेहमीचं. डीबग लेअर चालू केलीत तर ती दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगते. आणि प्रेझेंटचा पहिला आकडा एका विंडोला १, दुसरीला ०, वरच्याच हिशेबाने.

अवांतर : व्हल्कन (आणखी एक ग्राफिक्स एपीआय) वापरणाऱ्यांनी प्रत्येक विंडोसाठी वेगळा क्यू-प्रेझेंट करू नये, एकाच कॉलमध्ये सगळ्या स्वॅपचेन देता येतात. तेव्हा प्रत्येकीचा निकाल कळण्यासाठी पी-रिझल्ट्सचा ॲरे द्या. एकूण निकाल 'आउट ऑफ डेट' आला म्हणून तिन्ही स्वॅपचेन नव्याने बांधणारा कोड रिसाइझ करताना रडकुंडीला आणतो.

निरुत्तर_पॉइंटर

डिअर इमगुई (पॅनेल-बटणं काढणारी लायब्ररी) कुणी वापरत असेल आणि मल्टि-व्ह्यूपोर्ट चालू असेल तर आणखी एक. त्याच्या पॅनेलला मुख्य विंडोबाहेर ओढलं की ते स्वतःची विंडो आणि स्वतःचा कॉन्टेक्स्ट करतं. रेंडर-प्लॅटफॉर्म-विंडोज-डीफॉल्ट हा कॉल संपतो तेव्हा शेवटच्या पॅनेलचा कॉन्टेक्स्ट चालू असतो. त्याआधी गेट-करंट-कॉन्टेक्स्ट जपून ठेवा, नंतर परत लावा. नाहीतर पुढच्या फ्रेमचं अर्ध चित्र पॅनेलमध्ये जातं. लक्षण ठरलेलं : पॅनेल आत असेपर्यंत सगळं ठीक, बाहेर ओढलं की मुख्य विंडो काळी.

काचमहाल

मालकीने पट्टी जागेवर बसली. बीएसपी बांधायला घेतलं आहे, छेदणाऱ्या काचा आता दोन्ही विंडोत बरोबर येतात. दोन बारीक गोष्टी उरल्या. आराखड्याचं छोटं चित्र फाइलमध्ये सेव्ह करताना रीडपिक्सेल्स वापरतो. आराखड्यावर पट्टी आलेली असेल तर काही मशीनवर त्या चौकोनात कचरा येतो. आणि लिनक्सवर वेलँडमध्ये मुख्य विंडो दुसऱ्या वर्कस्पेसवर गेली की अख्खा प्रोग्रॅम गोठतो.

वेलांटी

पहिलं : डीफॉल्ट फ्रेमबफरमधले झाकलेले पिक्सेल तुमच्या मालकीचे नसतात, त्यात काय असेल याची हमी ओपनजीएल देत नाही. कंपोझिटर असलेल्या मशीनवर बहुतेक वेळा बरोबर येतं, म्हणून चाचणीत निसटतं. आराखडा एफबीओत काढा, तिथूनच वाचा, आणि पडद्यावर ब्लिट करा. स्वॅपनंतर बॅक बफर वाचू नका, त्यातला मजकूर अनिश्चित असतो.

दुसरं : मेसा (लिनक्सचे मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर) वर ईजीएलचा (विंडोशी ओपनजीएल जोडणाऱ्या थराचा) स्वॅप, इंटर्व्हल १ असताना, कंपोझिटरच्या फ्रेम कॉलबॅकची वाट पाहतो. विंडो दिसत नसेल तर कंपोझिटर कॉलबॅक पाठवतच नाही. एका थ्रेडवर सगळं असल्याने तिन्ही विंडो थांबतात. वेलँडवर मुख्य विंडोलाही इंटर्व्हल ० द्या आणि गती स्वतः राखा : टायमरने, किंवा वेलँडचा फ्रेम कॉलबॅक स्वतः मागवून, पण ठरावीक वेळ संपली की पुढे जाणारा.

पिक्सेलराव

मिनिमाइझचंही आत्ताच बघून घ्या. विंडोजवर मिनिमाइझ केलेल्या विंडोचं फ्रेमबफर माप ०×० येतं. रुंदी ÷ उंची पूर्णांकात केली असेल तर प्रोग्रॅम तिथेच पडतो. फ्लोटमध्ये केली असेल तर मॅट्रिक्समध्ये नॅन ('हा आकडाच नाही' अशी किंमत) शिरतो, आणि नॅनशी केलेली प्रत्येक लहान-मोठ्याची तुलना खोटी ठरत असल्याने फ्रस्टम कलिंग (नजरेबाहेरच्या वस्तू गाळणं) एकतर सगळं सोडतं किंवा सगळं फेकतं. माप शून्य असेल त्या विंडोचं काढणं आणि स्वॅप दोन्ही वगळा. फक्त ती इंटर्व्हल १ वाली असेल तर त्या काळात लूपला दुसरा ब्रेक हवा, नाहीतर उरलेल्या विंडो शून्य इंटर्व्हलवर सुसाट सुटतात आणि एक कोअर पूर्ण खातात. तिन्ही मिनिमाइझ असतील तर पोलइव्हेंट्सच्या जागी वेटइव्हेंट्स.

रेंडरडॉकमध्ये (एखादी फ्रेम पकडून तपासणारा डीबगर) तपासताना एफ११ ने सक्रिय विंडो बदलता येते, मग एफ१२. ते एका विंडोच्या प्रेझेंटपासून त्याच विंडोच्या पुढच्या प्रेझेंटपर्यंत पकडतं. टेक्श्चर व्ह्यूअरमध्ये डेप्थ टेस्टचा ओव्हरले लावा. हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे फेल. काच लाल दिसली तर डेप्थ बघा, हिरवी असून चुकीची दिसली तर क्रम किंवा ब्लेंड.

काचमहाल

एफबीओवरून सेव्ह चालतंय, कचरा गेला. वेलँडवर इंटर्व्हल ० आणि टायमर लावला, वर्कस्पेस बदलून पाहिला, गोठत नाही. ०×० ची तपासणी तिन्ही विंडोंना घातली. बीएसपीत कापलेल्या तुकड्यांच्या सांध्यावर एक पिक्सेलभर फट दिसते, तेवढं राहिलंय.

उलटा_त्रिकोण

टी-जंक्शन. एक काच कापल्यावर नवा व्हर्टेक्स फक्त त्या काचेच्या कडेवर आला, शेजारच्या काचेच्या सामाईक कडेवर नाही. शेजारणीच्या कडेतही तोच व्हर्टेक्स घाला, आणि तो नव्याने मोजू नका, तोच आकडा बिट-बिट जसाच्या तसा कॉपी करा. छेदबिंदू मोजताना कडेची टोकं नेहमी एकाच क्रमाने घ्या (लहान आयडीचं आधी). उलट क्रमाने मोजलं की शेवटच्या बिटात फरक पडतो आणि फट परत उघडते.